भरल्या गाडीचं माप

पप्पा, गेल्या रविवारी भोईवाड्यातल्या आपल्या गॅरेजात मी एका जीपचं खाली गेलेलं नाक वर केलं. तुमच्या पद्धतीनं केलं, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो. तुमच्यासोबत ज्यांनी गॅरेज टाकलं ते काका आता एकटेच ते सांभाळतात, आणि इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. कॉलेज का सोडलं ते आईनं फोटोसमोर उभं राहून तुम्हाला सांगितलं असेलच. एक सर वर्गात काहीतरी बोलले, मी जर्नल त्यांच्या टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं. दुसऱ्या दिवशी माफी मागायची होती, ती मागितली नाही, आणि मग गेलोच नाही. आई अजून म्हणते, "बापावर गेला असतास तर एवढा तापला नसतास. तो चहासुद्धा निवल्याशिवाय प्यायचा नाही."

जीप कोणाची ते आधी सांगतो. कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगी होती, लालबागची. तिनं कॉलेज पूर्ण केलं. मी सोडलं त्याच वर्षी तिला सगळं सांगून टाकलं होतं, कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानंच. ती हसली नाही की चिडली नाही. म्हणाली, "माझ्याशी काय बोलतोस रे, बाबांशी बोल. आणि आधी आवाज खाली कर." तिचे बाबा माझगावला गोदीत आहेत. त्यांना एकच नाद, जुनी जीप घेऊन सुट्टीच्या दिवशी कर्जतच्या बाजूला डोंगरात जायचं, चिखलात घालायची, बाहेर काढायची. शेजारी ही. त्यांच्याशी बोलायला मला काहीतरी कारण पाहिजे होतं. नुसतं दारात जाऊन काय बोलणार, कॉलेज सोडलेला मी? कारण मिळेपर्यंत थांबू म्हटलं, आणि दोन वर्षं थांबलो. मग त्यांनी जीपला पुढे लोखंडी बंपर लावला, गाडी ओढून काढायचं विंच लावलं, आणि त्या वजनानं पुढच्या स्प्रिंगचे पाटे दबून बसले. कोणीतरी त्यांना आपलं गॅरेज सांगितलं. मी ठरवलं, जीप सरळ उभी करायची आणि चावी हातात देताना बोलायचं.

पाटे काढून लोहाराकडे दिले, त्यानं तापवून पुन्हा कमान दिली, दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. रविवारी सकाळी बसवून गाडी खाली घेतली. काकांनी टेप माझ्याकडे फेकली. "रिकामीच मापतोस, का बापासारखं नाटक करायचंय?" मी म्हटलं, नाटकच करू.

तुमचं ते नाटक मला नीट आठवतं. मी चौथीत असेन. दप्तर घेऊन गॅरेजात बसलोय, समोर एक गाडी उभी आहे आणि मी शहाणपणानं म्हणतो, "सरळ दिसते की, पप्पा." तुम्ही चाकाजवळून उठलात आणि म्हणालात, "दिसते ना? मग तू बस दिसण्यावर. रिकामी गाडी कोण चालवतो रे? गॅरेजात उभी करायला घेतलीय का त्यानं?" आणि मालकाला चालकाच्या सीटवर बसवलंत. त्याची आई नेहमी शेजारी बसायची, पण ती होती गावाला. मग गल्लीतून बाजार घेऊन चाललेल्या एका जाड्या मावशींना तुम्ही हाक मारलीत. त्या पिशव्यांसकट बसल्या, तुम्ही चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावलीत, आणि मावशी खिडकीतून म्हणाल्या, "मेल्या, हे कोणाला सांगू नकोस हां, किती भरलं ते." त्यानंतर गल्लीतले लोक आपल्या गॅरेजासमोरून जाताना मुद्दाम पळायचे. घरीही तुमचं तेच. ओट्याशेजारचं टेबल हलायचं तेव्हा आई पुठ्ठा घेऊन यायची, तर तुम्ही आधी त्यावर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवायला लावायचात. आई म्हणायची, टेबल आहे ते, टेम्पो नाही.

तर मी तिच्या बाबांना विचारलं, गाडीत शेजारी कोण असतं? ते म्हणाले, मुलगी. मी म्हटलं, मग त्यांना बोलवा. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं. लालबागहून यायला कितीसा वेळ लागतो. ती आली, केस तसेच वर बांधलेले, पायात घरातली चप्पल.

"मला कशाला बोलावलंत?"

काका म्हणाले, "वजनाला."

"काका, हे असं कोणी बोलावतं का?"

"ह्याचा बाप बोलवायचा. तुझं नशीब, बाजाराच्या पिशव्या आणायला नाही सांगितल्या."

दोघं बसले. मी गुडघ्यावर बसून टेप लावतोय, डावीकडून, मग उजवीकडून. ती समोर काचेतून भोईवाड्याचा रस्ता बघतेय. दोन्ही बाजूंचं माप सारखं आलं, दोऱ्याचाही फरक नाही. मी ते मोठ्यानं सांगितलं. तेव्हा तिचे बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "छान. पण खरं तर माझं एकट्याचंच धरायला हवं होतंस. ही पंधरवड्यात बंगळुरूला चालली. नोकरी तिकडे, आणि मुलगाही तिकडचाच बघितलाय. गणपतीनंतर लग्न."

काकांनी माझ्या हाताजवळचा हातोडा उचलला आणि बाकड्याखाली ठेवला. त्याची गरज नव्हती, पप्पा. मला राग आला नाही. का आला नाही ते मी त्या दिवसापासून शोधतोय. कदाचित हातात टेप होती म्हणून. ती म्हणाली, "बाबा, त्यांना काम करू द्या ना." कॉलेजात ती मला अरे म्हणायची. मग ती उतरली. मी तिच्या बाबांना तसंच बसून राहायला सांगितलं आणि पुन्हा मापलं. उजवी बाजू बोटभर खाली गेली होती. तिचे बाबा अंगानं चांगलेच भरलेले आहेत आणि पेट्रोलची टाकीही त्यांच्याच सीटखाली.

काका म्हणाले, "सोड. बोटभर कोण बघतंय? चिखलातच जाणार ना?" मी म्हटलं, उजवीकडे एक पातळ पाटा टाकायला लागेल. ती दोघं घरी गेली आणि मी गाडी परत जॅकवर घेतली. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले, उजवा पाट्यांचा गठ्ठा काढला, खोलला, पातळ पाटा घातला, परत बांधला. जेवणाची वेळ टळून गेली. काकांनी एकदाच विचारलं, "बोलला होतास का कधी तिच्या बापाशी?" मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "मग तो तरी काय करणार बिचारा," आणि माझ्यासाठी वडापाव आणायला गेले. काकांचं म्हणणं बरोबर आहे. तिनं मला दार दाखवलं होतं, मी दोन वर्षं बाहेर उभा राहिलो. ह्यात कोणावर काही आपटण्यासारखं नाही.

संध्याकाळी तिचे बाबा एकटे आले. त्यांना बसवून मापलं, सारखं आलं. ते उतरून लांब जाऊन उभे राहिले आणि जीपकडे बघत राहिले. रिकामी असताना ती उजवीकडून किंचित वर दिसते. म्हणाले, "ही तर आता उलटी तिरकी दिसते." मी म्हटलं, तुम्ही बसलात की होईल सरळ. ते हसले. चावी घेताना म्हणाले, "तुला माझ्याशी काही बोलायचं होतं का? मुलगी मागे कधीतरी म्हणाली होती, एक मुलगा येईल बोलायला. कॉलेजचा. तोच ना तू?"

मी म्हटलं, "हो. पाटे नव्यानं बांधलेत, चालून चालून जरा बसतील. यू-बोल्ट परत एकदा आवळून घ्यायला लागतील."

त्यांनी चावी खिशात टाकली. मग बरं म्हणाले आणि गेले.

हे तुम्हाला पाठवता येत नाही ते ठीकच आहे, कारण पुढचं वाचून तुम्ही मला टेपनं मारलं असतंत. यू-बोल्ट परत आवळायच्या आधी गाडी निदान एक डोंगर तरी फिरून यावी लागते, आणि ते काम कुठलाही मेकॅनिक करतो. ते निघताना मी त्यांना म्हटलं, इथेच आणा, आणि येत्या रविवारीच आणा. येताना मुलीलाही घेऊन या, असंही म्हटलं. माप घ्यायचं नसताना.