आपल्या फाट्यावर शाळेची बस

विलो बेंड, कॅलिफोर्निया
४ मे १९२१

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. मिसेस टॉलिव्हर मायेनं वागवतात, पण शाळेसाठी चार वर्षं राहूनही त्यांच्या घरी मी पाहुणीच.

काल शाळेच्या हद्दीबद्दलच्या मतदानाची मोजणी झाली. अकरा मतांनी आपलं खोरं इथल्या हायस्कूलच्या हद्दीत सामील झालं! मुख्याध्यापक म्हणाले, "एकोणीस पोरांवर सुरू केलेली शाळा, आता तीनशेंची होणार. सप्टेंबरपासून तुमच्या फाट्यावर बस येईल गं!"

मी टाळ्या वाजवल्या. मग आठवलं, जूनमध्ये माझी शाळाच संपतेय.

आईचा खोकला कसा आहे? धाकट्या ऑर्फाला सांगा, तिला माझ्यासारखं परक्या घरी राहावं लागणार नाही. रोज संध्याकाळी ती तुमच्यात असेल. मला आनंदच झालाय, बाबा. खरंच.

शेवटच्या दिवशी न्यायला तुम्हीच या. आणि गाडी सावकाश हाका, मला सगळा रस्ता तुमच्याशी बोलायचंय.

तुमचीच,
हेस्टर