उजवीकडे रडले, डावीकडे चिडले

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्यात दाभण शिरल्यामुळे त्याला चिंधी बांधली आहे, तरी नमस्कार पुरा धरावा.) तुमची कंबर आता कशी आहे? मागे आमच्याकडे आलात तेव्हा जिना उतरताना तुम्ही कठडा घट्ट धरला होता, ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण पाहुण्याला जेवणाआधी कंबरेबद्दल काय विचारायचं, म्हणून आधी पानं वाढायला सांगितली. आता विचारतोय त्याला कारण आहे, ते पुढे येईल. वहिनींचा खोकला थांबला असेलच. इकडे सगळं ठीक. तुमची बहीण तब्येतीने ठणठणीत आहे. माझ्याशी बोलणं तेवढं जरा कमी झालंय, पण तेही पुढे येईल.

तुमचं परीक्षण पोचलं. म्हणजे तुम्ही धाडलं नव्हतंत, वर्तमानपत्रातूनच पोचलं. मी ते आधी दुकानात उभ्याने वाचलं, मग घरी बसून वाचलं, आणि त्यानंतर थिएटरच्या मालकांनी मला समोर उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. (त्यांना सगळं गाव नुसतं ‘मालक’ म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणेन.) भाषा नेहमीसारखीच झकास. ‘जुन्या वळणाची, अघळपघळ प्रेमकहाणी’ काय, ‘क्षितिजावर घोडे फार, माणसं थोडी’ काय! असा लेखणीचा धनी आमच्या नात्यात आहे हे मी गिऱ्हाइकांना त्यांनी न विचारताच सांगतो. पण दादा, तुमच्या एका वाक्याने माझा घात केला. तुम्ही लिहिलंत, ‘मध्यंतरानंतर प्रेक्षकाला सतत काहीतरी टोचत राहतं, पण ते काय, हे दिग्दर्शकाला शेवटपर्यंत सांगता येत नाही.’ त्या बिचाऱ्याला कसं सांगता येणार? ते मला विचारा. ती आमच्या थिएटरात तुम्ही बसलात त्या डाव्या बाजूच्या, खांबाशेजारच्या खुर्चीतली स्प्रिंग होती.

आता हे नीट उलगडून सांगतो, कारण तुम्ही पडलात साहित्यातले आणि मी पडलो गाद्यागिर्द्यांतला. आमच्या थिएटरच्या मधोमध चालायची वाट आहे. तिच्या एका हाताला उजव्या खुर्च्या, दुसऱ्या हाताला डाव्या. सगळ्या थिएटर बांधलं तेव्हाच्या. आतल्या काथ्याचा भुगा झालेला, पट्ट्या लोंबलेल्या आणि स्प्रिंगांनी माना वर काढलेल्या. ते सगळं नव्याने करायचं काम मालकांनी मला दिलं. (गावात सोफे करणारे आणखीही आहेत, पण दाताच्या डॉक्टरांची खुर्ची मी केल्यापासून त्यांचे पेशंट नंबर आला तरी उठत नाहीत, हे मालकांच्या कानावर गेलं होतं.) मी एकेक खुर्ची उघडली. नव्या पट्ट्या ताणल्या, प्रत्येक स्प्रिंग सुतळीने चहूबाजूंनी बांधली, तिच्यावर गोणपाट, मग काथ्या, मग कापूस, आणि वरून तांबडी मखमल. बाजारात ओतीव प्लॅस्टिकच्या तयार खुर्च्या मिळतात, नाही असं नाही. पण त्यांच्यात माणूस बसत नाही, नुसता ठेवला जातो. या कामापायी माझी झोप उडाली. घरी गादीवर पडलो की डोळ्यांपुढे रांगाच रांगा. एवढं करूनही उजवी बाजूच तेवढी पुरी झाली आणि सिनेमाची तारीख येऊन ठेपली. मालक म्हणाले, आधी सिनेमा लागू दे, लोक काय म्हणतात ते बघू, मग डाव्या बाजूला तुम्ही की प्लॅस्टिक ते ठरवू. म्हणजे दादा, माझा सगळा जीव त्या डाव्या बाजूत अडकलाय. पैशाचं सोडा. अर्धा हॉल माझा आणि अर्धा प्लॅस्टिकचा, हे बघत मला म्हातारं व्हायचं नाहीये.

तर सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला मालकांनी आम्हा दोघांना मानाने उजवीकडे बसवलं. काय सिनेमा आहे हो! लढाईवर निघालेला तो तरुण अधिकारी, ती मोठ्या घरची हट्टी मुलगी, स्टेशनवरचा निरोप. गाडी हलते, ती धावते, त्याच्या हातात तिचा नुसता हातमोजा राहतो. (गाडीतल्या बैठका खऱ्या चामड्याच्या होत्या. उलट तिच्या वडिलांच्या दिवाणखान्यातल्या कोचाची बटणं सरळ मशीनवर ओढलेली. एवढा खर्च करतात आणि कोचापाशी येऊन हात आखडतात.) मग ते गव्हाचं शेत पेटतं, मग ती घोड्यावरून एकटी निघते, मग मध्यंतराच्या जरा आधी पुलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती आणि खाली नदीला पूर. माझ्या अंगावर काटा आला. उत्तरार्धाबद्दल तर मी काय बोलावं! तो सांगण्यासारखा नाहीच. उत्तरार्ध हा ज्याचा त्यानेच अनुभवायचा असतो.

दुसऱ्या दिवसापासून गावात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, असा सिनेमा गेल्या कित्येक वर्षांत झाला नाही. दुसरा म्हणे, बरंच झालं. केस कापायच्या दुकानात अर्ध्या दाढीचा एक गृहस्थ खुर्चीतून उठून नायिकेच्या बाजूने भांडला, आणि न्हावी नायकाच्या बाजूचा असल्यामुळे उरलेली अर्धी दाढी तशीच घेऊन घरी गेला. औषधांच्या दुकानाचे मालक (यांना आपण औषधवाले म्हणू, नाहीतर दोन मालकांचा घोळ होईल) गोळ्या मोजताना स्टेशनचा प्रसंग आठवून गहिवरत होते. शाळेचे मुख्याध्यापक म्हणत होते, ‘शिळी भावनाबाजी. माणसाने प्रेम करावं, पण आटोपशीर करावं.’ मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला. कुठे बसला होता? औषधवाले उजवीकडे. मुख्याध्यापक डावीकडे. मग मी भेटेल त्याला विचारत सुटलो. टपालवाला, धोबी, बँकेतली कॅशियर, झाडून सगळे. दादा, खोटं नाही सांगत, रडले ते उजवीकडचे आणि चिडले ते डावीकडचे!

तरी मी लगेच बढाई मारली नाही. (तुमची बहीण म्हणते मारली. पण ती दुकानातल्या दुकानात होती.) आधी खात्री करून घेतली. मालकांकडून दोन पास काढले आणि पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना आग्रह करकरून उजवीकडे बसवलं आणि औषधवाल्यांना डावीकडे. औषधवाले मध्यंतरालाच कुल्ल्यावर हात ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, ‘मागच्या वेळी इतका लांबवला नव्हता हो.’ आणि मुख्याध्यापक? खेळ सुटल्यावर सगळ्यांच्या शेवटी आले. चष्मा पुसत होते. मला म्हणाले, ‘अशी माणसं आता राहिली नाहीत.’ मी म्हटलं, सर, खुर्च्याही राहिल्या नव्हत्या. त्या दिवशी मी घरी चालत आलो ते रस्त्याच्या मधून आलो. जन्मभर लोकांच्या बुडाखाली काम केलेल्या माणसाला प्रथमच कळलं की आपलं काम त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचतं. अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

मालकांनाही हे पटलं. टेप घेऊन ते डाव्या बाजूचं माप घ्यायला निघालेसुद्धा. पण तेवढ्यात तुमच्या बहिणीने घोटाळा केला. शेजारणीला सोबत घेऊन ती परत तोच सिनेमा बघायला गेली होती. मला काही बोलली नाही, तिकीटही स्वतःचं काढलं, आणि मिळालं ते डावीकडचं. खेळ सुटला तेव्हा मी आणि मालक टेपची दोन टोकं धरून दारातच उभे. समोरून ही आली. डोळे सुजलेले, नाक लाल, पदर ओला. मालकांनी विचारलं, ‘वहिनी, कसा वाटला?’ ही म्हणाली, ‘फार सुंदर.’ मालकांनी विचारलं, ‘बसला कुठे होता?’ हिने डावीकडे बोट दाखवलं. मालकांनी टेप सोडून दिली. ती सळसळत येऊन माझ्या दुखऱ्या अंगठ्यावर आपटली. ‘ज्या जुन्या खुर्चीत बसून तुमच्या घरच्या एवढ्या रडतात,’ ते म्हणाले, ‘ती बदलायची कशाला?’ आणि त्यानंतर दोनच दिवसांत तुमचं परीक्षण आलं. आता मालक म्हणतात, एवढा शिकलेला माणूस सिनेमाच वाईट म्हणतोय, त्यात खुर्चीचा काय संबंध!

म्हणून विनंती अशी. तुम्ही परत या. तुम्हाला डावीकडे बसवलं यात माझाही दोष आहे. तुम्ही अचानक आलात, उजवी बाजू भरलेली होती, आणि माझ्या मेव्हण्याच्या कंबरेखाली माझी खुर्ची नसावी याचं दुःख मला अजून आहे. या वेळी मी तुम्हाला मधल्या रांगेत, वाटेच्या कडेला बसवतो. ती खुर्ची मी दोनदा उसवून पुन्हा भरली आहे. साडेतीन तास बसा, आणि मग मनाला येईल ते लिहा. मी तुम्हाला सिनेमा चांगला म्हणा असं सांगत नाही. तेवढा स्वाभिमान मला आहे. फक्त शेवटी एका ओळीत लिहावं की परीक्षणकर्ता या वेळी उजवीकडे बसला होता. एवढ्यावर मालक टेप उचलतील.

वहिनींना नमस्कार सांगा. मुलांनी अभ्यास करावा आणि कोचावर पाय घेऊन उड्या मारू नयेत, हे त्यांच्या काकांकडून सांगा.

तुमचा,
उजव्या बाजूचा कारागीर

ता. क. येताना कंबरेचा पट्टा बांधून येऊ नका. त्याने निकाल बिघडतो.

दुसरा ता. क. वरची विनंती सवडीने केलीत तरी चालेल. खरं काम दुसरंच आहे, आणि ते उलट टपाली करावं. दादा, सिनेमाच्या शेवटी काय होतं? पुलानंतर? हसू नका. मध्यंतरात आम्ही चहा प्यायलो, परत येऊन बसलो, मी पाठ टेकली, आणि त्यानंतर एकदम दिवे लागले. बायकोने मला हलवून उठवलं नाही, म्हणून मला वाटलं तिला कळलं नसावं. पण डावीकडून रडून आली त्या संध्याकाळी तिने जेवता जेवता विचारलं, ‘तिने शेवटी केलं ते बरोबर केलं का हो?’ मी म्हटलं, अगदी बरोबर केलं. ती नुसतं ‘हं’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी सावरून घेतलं, की तसं पाहिलं तर चुकलंच तिचं. त्यावरही ‘हं’. तेव्हापासून घरात ‘हं’ शिवाय शब्द नाही. डावी बाजू गेली तर एक वेळ सोसेन, पण हे सोसवत नाही. तर तिने शेवटी नक्की काय केलं, आणि ते बरोबर की चूक, हे दोन ओळींत कळवा. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नको.

दादा, हे खाली मी लिहितेय. ह्यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. सगळ्या गावच्या खुर्च्या शिवतात, पण पाकीट चिकटवायचं राहून गेलं. शेवट त्यांना कळवू नकोस. मला कसं कळलं नसेल? मध्यंतरानंतर ह्यांचं डोकं माझ्याच खांद्यावर होतं. खुर्च्यांचं काम घेतल्यापासून हा माणूस नीट झोपला नव्हता. कूस बदलत पडायचा, उठून पाणी प्यायचा, परत पडायचा. आणि तिथे पडद्यावर तोफा धडाडत होत्या आणि हे तोंड उघडं टाकून लहान मुलासारखे झोपले होते, स्वतःच्या हाताने भरलेल्या खुर्चीत. मी उठवलं नाही. खांद्याला मुंग्या आल्या, डोकं मध्ये आल्यामुळे अर्धाच पडदा दिसला, म्हणून तर परत जावं लागलं. राग झोपल्याचा नव्हता रे, ‘अगदी बरोबर’ म्हणाले त्याचा होता.

काल मी मालकांकडे जाऊन हे सगळं सांगून आले. म्हटलं, रडण्यावरून काय पारख करता, मी तर कुठेही रडते. माझ्या नवऱ्याला तुमच्या उजव्या बाजूला झोप लागली, ते बघा. मालक पोटभर हसले आणि टेप घेऊन उठले. डावी बाजू ह्यांनाच मिळाली. ह्यांना अजून माहीत नाही. परवा दुपारचा खेळ आहे, तेव्हा मीच सांगणार आहे. दोन तिकिटं काढलीत, डावीकडची, खांबाशेजारची. तिथे झोप लागत नाही. सिनेमा पुरा बघितला की मी परत विचारीन, तिने केलं ते बरोबर केलं का. त्यांना काय वाटतं ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

आणि तुझ्या परीक्षणाचं म्हणशील, तर दादा, सिनेमा चांगलाच आहे. स्प्रिंग मलाही टोचत होती.