फ्लेक्सवरची कंबर

१० जून
चौकात फ्लेक्स लागला, त्या क्षणापासून मी दुसराच माणूस झालो. माझा फोटो, हात जोडलेले. खाली — ‘कंबरदुखी गेली, गोळ्या सुटल्या!’ वर संघमित्राच्या योगवर्गाचं नाव. बाबा म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडून हेच कमावलं?" हो, हेच. तिच्या नावाखाली माझा चेहरा आहे.

कंबर कधी दुखलीच नाही. वर्गात बसायचं तर फॉर्मवर काहीतरी आजार हवा होता. बरा झालो तेही मीच लिहून दिलं, तिला बरं वाटावं म्हणून.

१४ जून
पाच जण यायचे, आता चाळीस. फॉर्म मी भरून घेतो. ‘योग का निवडला?’ एक आजोबा — "डॉक्टर मान वर करत नाही. ही पोरगी पाय हातात घेऊन बघते." सुलक्षणाकाकू — "इथं तासभर कोणी हाक मारत नाही." नशिराबादच्या मंदाबाई, बीपीवाल्या, माझ्याकडे बघून हसल्या — "याच्यामुळे."
छाती फुगली.

१५ जून
संघमित्रा म्हणाली, "तू नसतास तर वर्ग बंद करून धुळ्याला परत गेले असते." जेवण गेलं नाही.

२१ जून
मंदाबाई घरी चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात गेलो. आठ दिवस बीपीची गोळीच नाही. विचारलं, का? "तुना फोटो देखा ना भाऊ. मंग मी बी गोया सोडी दिन्यात."
संघमित्रा रोज बजावते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. पण फ्लेक्स तर चोवीस तास बोलतो. माझ्या तोंडाने.

२२ जून
तिला सगळं सांगितलं. फ्लेक्स उतरव, उद्या मी वर्गात बोलतो.
ती म्हणाली, "तुझी कंबर दुखत नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दुखणारा माणूस असा वाकत नाही."
"मग लावलास कशाला?"
"पाचच जण येत होते रे." मग खाली बघून — "बोललास तर पुन्हा येऊ नकोस."
बोलणार. रडलो, तरी बोलणार.

२३ जून
बोललो. कंबर, गोळ्या, मंदाबाई, सगळं. गोळ्या चालू ठेवा म्हटलं, वर्गही सोडू नका, ही चांगलं शिकवते. आजोबांनी विचारलं, "मग तू कशाला येत होतास?"
"हिच्यासाठी."
कोणी हसलं नाही. तीही नाही. चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.