केंद्रकाची खुर्ची

बाबा,

मी शाळेत चालले. उद्या पेशीची परीक्षा आहे, तेव्हा घरभर चिकटवलेले कागद काढू नका. दार म्हणजे पेशीपटल, शेगडी तंतुकणिका आणि तुमचं भंगाराचं कपाट रिक्तिका. केंद्रक आईच्या खुर्चीवर आहे, कारण घर तीच चालवते.

काल तुम्ही रक्ताच्या लॅबमधला रुबाब दाखवत म्हणालात, "तांबड्या पेशींना केंद्रक नसतं, तरी त्यांचं काही अडत नाही." मी पुस्तकात पाहिलं. त्या चार महिन्यांत मरतात. आई मावशीकडे जाऊन चारच दिवस झालेत आणि मी आज तुमचे मोजे घालून चालले आहे.

संध्याकाळी तिला आणायला स्वतः जा, फोनवर भागवू नका. माफीची उजळणी वाटेत करा. मागच्या वेळी तुम्ही अर्ध्यातच विसरला होतात.