पायाची बाजू

२ मार्च २०१४, रविवार
ठरलं. ऑगस्टमध्ये मी आणि पद्माकर आल्प्समधल्या त्या हटमध्ये राहणार. हट म्हणजे बर्फापलीकडे खडकावर पत्र्याची एक खोली. बंक, ब्लँकेटं, स्टोव्ह. रखवालदार नाही, खानावळ नाही. फक्त अनुभवी गिर्यारोहकांसाठी. पद्माकर तरुणपणी कंपनीच्या पोस्टिंगवर असताना तिथे राहून आलाय. माझा अनुभव म्हणजे कॉलेजात त्याच्याबरोबर केलेला हरिश्चंद्रगड. पुरेसा आहे. दोन तिकिटं काढली. उद्यापासून लिफ्ट बंद, जिनेच.

३ मार्च
शेजारच्या आंटीने लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१६ मार्च, रविवार
बुकित तिमाह. सिंगापूरमधला सर्वात उंच डोंगर. अर्ध्यावर गुडघ्याने कुरकुर केली. बालवाडीची एक सहल पुढे निघून गेली. खाली येऊन प्राटा, म्हणजे इथला पराठा, खाल्ला. स्टॅमिना लागतो.

५ एप्रिल, शनिवार
पद्माकर नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट. लिव्हरचा कॅन्सर. अरुणावहिनी म्हणाल्या, केमो सुरू करताहेत. मी म्हटलं, छान, म्हणजे ऑगस्टपर्यंत उरकेल. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दमल्यात बिचाऱ्या.

१३ एप्रिल
पद्माकरने मला हॉस्पिटलच्या पलंगावर ब्लँकेटची घडी घालायला शिकवली. हटमध्ये मागून आवरायला कोणी नसतं, निघताना आपणच घालायची. तिथल्या ब्लँकेटवर पायाची बाजू कुठली ते विणलेलंच असतं. ती आत घ्यायची, म्हणजे पुढच्याच्या तोंडाशी आपले पाय येत नाहीत. माझी बाहेरच राहिली. पद्माकर म्हणाला, लेका, तुझ्यानंतर येणाऱ्याची कीव येते. अगदी पूर्वीसारखा हसला. सुधारतोय.

११ मे
पद्माकर सरावात ढिला पडलाय. पलंगावरून खुर्चीपर्यंत यायचाही कंटाळा. चांगलं झापलं. म्हटलं, माझ्याकडे बघ, रोज जिने चढतो. (सोमवारपासून चढणार आहे.) वहिनींनी बाहेर बोलावून सांगितलं, भावोजी, केमो थांबवलीय. मी म्हटलं, उत्तम, आता ताकद भरून येईल. त्या रडायलाच लागल्या. मला गुडघ्याला बर्फ लावायचा होता, निघालो.

१ जून
थंडीचा सराव. दुपारी एसी सोळावर लावून स्लीपिंग बॅगेत झोपलो. सणसणीत सर्दी. पद्माकरचा मेसेज, येऊन जा. कळवलं, तुला इन्फेक्शन नको, बरा झालो की येतो. घाई काय आहे.

८ जून
गेलो. फार वाळलाय. म्हणाला, मुकुल्या, एकटा जाशील का रे तिकडे? मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, वाट तुला माहीत आहे. तो डोळे मिटून पडला. मग म्हणाला, घडी घालून दाखव. पुन्हा चुकली. या वेळी हसला नाही.

१९ जून, गुरुवार
पद्माकर सकाळी गेला. मी तांजोंग पगारच्या घरून पोचेपर्यंत त्याला खाली शवागारात नेलं होतं, वहिनी त्याच्याबरोबर. खोलीत कोणी नव्हतं. पलंगावर त्याचं ब्लँकेट चुरगळून पडलेलं. घडी घातली. पायाची बाजू आत. पहिल्यांदाच बरोबर आली, आणि दाखवायला तो नव्हता. नर्स येऊन म्हणाली, अंकल, लीव्ह इट लाह, वुई विल डू. तिला सांगितलं, नाही, हे आपणच करायचं असतं.

२२ जून
दोन्ही तिकिटं रद्द केली. एअरलाइनच्या बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, गुडघा.
गुडघा ठणठणीत आहे.