बजेटबद्दल मी काय म्हणाले

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. नेहमी अनेक असतात, या खेपेला एकच आहे. पुरवून वापर.

नाही, माझ्या चष्म्याला काही झालेलं नाही. दोनदा पुसून वाचलं. तुझ्या पेपरात पाचव्या पानावर हातात कातर घेतलेली बाई मीच. खाली छापलंय की यंदाच्या बजेटने आम्हा शिवणाऱ्या बायकांना मोठाच दिलासा मिळाला आणि मी सरकारची आभारी आहे. मी कुणाची आभारी बिभारी नाही. जुने कपडे दुरुस्त करण्यावर आजवर कर नव्हता, तो याच बजेटने बसवला. म्हणजे मानेवर सुरी ठेवली आणि मी म्हणाले, वा, काय गार वाटतंय.

फोटो तू महिन्यापूर्वी काढलास. नवा कॅमेरा बघतोय म्हणालास. माझ्या शेजारी तो मोटारींच्या शोरूमचा मालक, टाय लावलेला. त्याच्या तोंडी काय, तर आम्हा कष्टकऱ्यांचं कंबरडं मोडलं. त्या देहात कंबर कुठे सुरू होते ते आधी शोधावं लागेल.

बजेट आलं की ज्याला त्याला वाचा फुटते. आमच्या शिवणाच्या खोलीखालचा टायरवाला तीन दिवस तुटीवर भाषण देतोय. तूट म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, मोठा विषय आहे. असो. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण तो निदान स्वतःच्या तोंडाने बोलतो.

आता कामाचं. आम्ही सहाजणींनी मिळून हरकतीचा अर्ज दिला. पहिली सही माझी, वयाने मोठी म्हणून. करकचेरीतल्या साहेबाने ड्रॉवरमधून तुझं कात्रण काढलं नि म्हणाला, तुमच्या ज्येष्ठ बाई तर खूश दिसतात. पंधरा तारखेपर्यंत लेखी खुलासा नाही आला तर अर्ज निकालात. आमच्याकडे येतं काय? विजारींच्या चेनी, उसवलेल्या बाह्या, फाटके खिसे. त्यावर कर लागला तर लोक जुनं फेकून नवं घेतील, आणि आम्ही सहाजणी घरी बसू.

आमच्यातली पडदेवाली अकरा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर आहे. परवा तिने मशीन ओढत पार भिंतीला नेली. मला टाळून बाकीच्यांना विचारलं, भावाने हिला काय दिलं असेल. मी ऐकत होते, टीप वाकडी गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ते बोलणं माझं नव्हे असं पेपरचं नाव छापलेल्या कागदावर लिहून, सही करून पाठव. लगेच.

ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तू म्हणशील, बरं झालं.

खरं तेच सांगतो. भाषण संपलं की तासाभरात पान छापायला जातं. तेवढ्यात बारा माणसं कुठून गाठायची? म्हणून फोटो आधीच काढून ठेवतो, आणि प्रत्येकाच्या दोन प्रतिक्रिया लिहून ठेवतो, एक हसरी, एक रडकी. बजेट जसं येईल तशी लावायची. दरवर्षी असंच चालतं, कुणी तक्रार केली नाही. या वर्षी घाईत माझ्या हातून तुझी हसरी लागली आणि त्या मालकाची रडकी. तुझी रडकी फार छान उतरली होती गं. भेटलीस की वाचून दाखवीन.

मालकांनी पान फ्रेम करून शोरूममध्ये लावलंय, आणि महिनाभराच्या जाहिराती दिल्यात. त्यामुळे संपादक खुलासा छापायला तयार नाहीत. पेपरच्या कागदावर लिहून दिलं तर मला घरचा रस्ता. दोन महिन्यांत कायम व्हायचंय, ताई. तू साहेबांना सांग ना, घाईत तोंडून निघून गेलं. तुझ्या वयाकडे बघून ते ऐकतील.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. राग धरलास तरी चालेल, पण धाकट्याला परकं करू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १६ मार्च

चि. धाकट्यास,

पत्र फाडलं नाही.

तुझी रडकी तुझ्याजवळच ठेव. मला रडायचं असलं तर माझं मी रडेन, मजकूर लागत नाही. आणि माझ्या वयाकडे बघून, म्हणतोस? म्हणजे म्हातारी बरळली असं सांगू? सहाजणींची पोटं, नि मी बरळू?

काल शेवटचा दिवस. सकाळी कातर घेतली आणि तुझ्या पत्राची वरची ओळ नि खालची सही कापली. नीट, कडेकडेने. ती पट्टी बटव्यात टाकली आणि मधला कागद साहेबापुढे ठेवला. त्याने वाचला. हसला मेला, पोट धरून. मग म्हणाला, निनावी कागद चालत नाही, कुणी लिहिलं ते पाहिजे. मी म्हटलं, पेपरवाल्याने. तो म्हणाला, पेपरवाले पुष्कळ आहेत.

बाकावर बसले. बाहेर पाचहीजणी उभ्या होत्या, पडदेवाली सगळ्यांच्या मागे. माझ्याकडे बघत नव्हती. घड्याळात साडेचार. पाचला खिडकी बंद.

पावणेपाचला बटवा उघडला, सही टेबलावर ठेवली, आणि हा धाकटा कोण, कुठल्या पेपरात, तेही सांगितलं. त्याने टाचणी लावली, शिक्का मारला. अर्ज दाखल झाला. कर जाईल की नाही देव जाणे, पण सुनावणी होईल, आणि तिथे मी माझ्या तोंडाने बोलेन.

तुझ्या संपादकाला कळायला एक दिवस लागेल, कदाचित दोन. खोलीत माझ्या शेजारी, खिडकीजवळ, एक जागा मोकळी झालीय. काज-बटण शिकायला महिना पुरतो.

कचेरीतून बातमी फुटलेली दिसते, दुसऱ्या एका पेपरचा माणूस आज जिन्यात उभा होता. भावाला असं उघडं पाडताना काय वाटलं म्हणे. त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. तूही तेच विचारणार, माहीत आहे. विचारू नकोस. यावर मी बोलणार नाही.