टिनाखालचं आंदण

सिंदी (रेल्वे),
३१ मे

प्रिय मयुरी,

फोन सोडून बाबा कागद घेऊन काय बसले, असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर मी धड बोलत नाही हे तुला माहीत आहे, आणि का बोलत नाही तेही माहीत आहे. दुकानाचा छापील कागद आहे, वर कळशीचं चित्र आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. दुपारचे दोन वाजलेत. बाजार ओस पडलाय, समोरचा कापडवाला शटर अर्धं ओढून आत घोरतो आहे. मला मात्र डोळा लागत नाही. नवतपाचे नऊ तापलेले दिवस सुरू आहेत, पंखा वरची गरम हवा खाली ढकलतो, एवढंच त्याचं काम. चार ओळी लिहितो, उठतो, माठातलं पाणी पितो, परत बसतो. आतापर्यंत तीनदा उठलो.

आधी तुझ्या सामानाची खबरबात. फेब्रुवारीत तुझ्या सासरहून (आता त्या घराला काय म्हणायचं, मला अजून शब्द सापडलेला नाही) तुझं आंदण परत आलं, तेव्हा मी टेम्पो घराकडे वळूच दिला नाही. थेट वर्ध्याजवळ पिपरी मेघेला नेला. तिथे रूपराव म्हणून एकानं रस्त्याकडेला टिनाच्या आठ खोल्या बांधल्या आहेत. बदली झालेले बँकवाले, शिक्षण संपवून गेलेली पोरं, असे लोक महिन्याच्या बोलीवर तिथे सामान ठेवतात. पाच नंबरची खोली मी घेतली आणि तुला फोन केला, की सामान सुखरूप आहे, घरी जागेची जरा अडचण आहे. तू 'बरं' म्हणालीस.

फेब्रुवारीत सगळं ठीक होतं. आणि माल कसा ठेवावा हे तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवणाऱ्याला कोण शिकवणार? मी दुकानातल्यासारखंच केलं. प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि वरून टेप मारली. हरिदास सुतारानं तुझ्यासाठी केलेलं सागवानी कपाट, आरशाचं टेबल, गाद्या, मिक्सर, कूलर, सगळं. दुकानात अशानं चमक टिकते. पण दुकानावर स्लॅब आहे आणि रूपरावच्या खोलीवर टिन, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. एप्रिलच्या मध्यावर गेलो तर प्लॅस्टिक कपाटाच्या पॉलिशला चिकटून बसलेलं. ओढलं तर दाराची तळहाताएवढी साल निघून आली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं.

त्या दिवसापासून माझी जी घालमेल सुरू झाली ती परवापर्यंत थांबली नाही. दर दोन दिवसांनी दुकान बंद करायचं, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि पॅसेंजरनं वर्धा. सगळं प्लॅस्टिक फाडून काढलं, आईची जुनी लुगडी आणि चादरी पांघरल्या. कपाटाच्या पायांखाली विटा दिल्या. साड्यांमधल्या डांबरगोळ्या उन्हानं उडून गेल्या होत्या, तिथे कडुनिंबाचा पाला ठेवला. टिनावर चुना मारून घेतला, त्यावर तुराट्यांच्या पेंढ्या पसरल्या, शटरला आतून ओली पोती टांगली. गाडीत बसलो की वाटायचं, पोती सुकली असतील. घरी जेवायला बसलो की वाटायचं, आरसा तडकला असेल. रूपराव हसायचा. म्हणायचा, "काकाजी, इतकी काळजी तं मी माह्या म्हशीची नाई घेत." तुझी आई हसली नाही. माझा डबा भरून द्यायची.

भांड्यांना तेवढं काही झालं नाही. पितळ-स्टीलला ऊन काय करणार? तरी एकदा पोतं सोडून पाहिलं, आणि पाण्याच्या पितळी गुंडाला हात लावला तर चटकाच बसला. एक्कावन्न भांडी, आणि प्रत्येकावर माझंच अक्षर. सिंदीतल्या अर्ध्या पोरींच्या आंदणावर मी मशीन धरून नाव टाकलं आहे, पण तुझी भांडी मी आठ दिवस पुरवून पुरवून केली होती, हात हलू नये म्हणून सकाळचा चहासुद्धा न घेता. 'चि. सौ. कां. मयुरी हिस, आईबाबांकडून.' खरं सांगू का, ती सगळी भांडी गावापासून लपवण्याचं कारणही तेच होतं. कपाट कुणाचंही असू शकतं. भांडं उचलून कुणीही वाचलं असतं.

आणि रक्षाचं जमायचं होतं. हे कारण मी स्वतःला रोज सांगत असे. तुझ्या धाकट्या बहिणीचं सुरळीत पार पडू दे, मग मयुरीचं पाहू, असं. एप्रिलच्या शेवटी आष्टीहून धीरजकडची माणसं तिला पाहायला आली. चांगली माणसं आहेत, संत्र्याची बाग आहे, पोरगा शिक्षक आहे. धीरजच्या आईनं सहज विचारलं, मोठी दिसत नाही कुठे? मी म्हटलं, नागपूरला नोकरी आहे, सुटी मिळत नाही. तेवढ्यात रक्षा पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सुटी आहे तिले. बाबांनीच येऊ नाई देलं." मग तिनं तुझं सगळं सांगितलं, बशा वाटता वाटता. मी त्या दिवशी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारच्या किसनरावांनी डोकावून पाहिलं.

आता ते लिहितो, जे लिहिण्यासाठी तीनदा पाणी प्यायलो. मार्चमध्ये तू फोन केला होतास. मी कपाटाबद्दल सांगत होतो, काही दिवस सामान वर्ध्यालाच राहू दे, गावात बोभाटा नको, असं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आणि मी, बाबा?" मी हॅलो हॅलो केलं, आवाज येत नाही म्हटलं, आणि फोन ठेवला. मयुरी, लाइन चांगली होती. तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिथे दोन वर्षं तू काय काय सोसलंस ते मी अर्धंच ऐकलं आहे, कारण उरलेलं ऐकायची माझी छाती नव्हती. हा सगळा उन्हाळा मी त्या तुझ्या दोन शब्दांपासून पळत होतो आणि धावत होतो पिपरी मेघेला.

नवतपा लागला त्या दिवशीही गेलो. भर बारा वाजता. तुराट्या आहेत, चुना आहे, पोती आहेत, आता आत नेमकं किती तापतं ते स्वतः बसून पाहावं म्हणून शटर गुडघ्यापर्यंत ओढलं आणि तुझ्या गादीवर बसलो. दहा मिनिटांत घामानं सदरा चिंब झाला. समोर तुझा कूलर होता. मी त्याला लुगडं पांघरलं होतं, वरून ओलं पोतं, ऊन लागू नये म्हणून. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तू नागपूरला तिसऱ्या माळ्यावर, गच्चीच्या खालच्या खोलीत, नुसत्या पंख्यावर उन्हाळा काढते आहेस, हे आईनं मला दोनदा सांगितलं होतं. आणि मी इथे कूलरला उन्हापासून जपत होतो! मला स्वतःची इतकी लाज वाटली की उठायला गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली.

रूपरावनं बाहेर ओढून काढलं, डोक्यावर पाणी ओतलं, पन्हं पाजलं. जरा शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "काकाजी, टिनाखाली लोक इसरलेलं सामान ठेवतेत. तुमी तं जीव जाळून राह्यले याच्यापायी. मंग घरी काऊन नाई नेत? जागा नाई काय घरी?" मी म्हटलं, आहे. बस, एवढंच म्हटलं. पण माझ्या तोंडून ते पहिल्यांदा बाहेर पडलं.

परवा आपल्या बाजाराचा दिवस होता. सकाळी दहाला मी टेम्पो भरून आणला, आणि मुद्दाम बाजारातूनच आणला. कपाट उभं, वर काही झाकलेलं नाही. भाजीवाल्या रुख्माबाईंनी विचारलं, कोणाचं सामान हो? मी म्हटलं, आमच्या मयुरीचं, परत आलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता पोरीलेई आना." चार महिने मी ज्या प्रश्नाला घाबरत होतो, तो असा कोथिंबिरीच्या जुडीमागून आला आणि संपला. दुसऱ्या काही जणांनी तोंडं फिरवली, हेही सांगतो, उगाच गोड लिहीत नाही. आष्टीहूनही महिना झाला, निरोप नाही. येईल तेव्हा येईल. रक्षा म्हणते, ताईला लपवून जमणारं घर मला नको. मी तिची माफी मागितली आहे.

घरी कपाट कुठे लावायचं म्हणून मी मधल्या खोलीत गेलो तर पूर्वेची भिंत सगळी मोकळी. पेटी नाही, खाट नाही, खुंटीला पिशवीसुद्धा नाही. आईनं ती फेब्रुवारीपासून तशीच ठेवली होती. मला वाटलं होतं, भिंतीला चुन्याची पोताई करायची असेल. कूलरला गवताच्या नव्या ताट्या लावल्या. तुझ्याकडे नागपूरला पाठवू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "इथंच लावा खिडकीले. आपली पोरगी यील."

दुकानातली पाटी तुला आठवते? गल्ल्याच्या वरची, निळ्या अक्षरांची: 'नाव टाकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पहिलीत असताना तू ती अक्षर अक्षर लावून वाचली होतीस आणि मी कौतुकानं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटलो होतो. तीस वर्षं ती माझ्या डोक्यावर होती आणि मी भांड्यांचा नियम माणसाला लावून बसलो. काल ती काढली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन उमटला आहे, गिऱ्हाइकं विचारतात, मी त्यांना भांडी दाखवतो.

तर कागद खराब करण्याचं कारण एवढंच, की तू विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. तू घरी ये, पोरी. पाहुणी म्हणून नाही. नोकरी सोडू नकोस, इथून रोज गाडीनं नागपूरला जाणारे पुष्कळ आहेत. कपाट रिकामं आहे, साल निघालेला भाग मी हरिदासला दुरुस्त करू दिला नाही, तो मला समोर दिसलेला बरा. तू ते घर सोडलंस त्यानंतरच्या दिवाळीला मी तुला अंधार पडल्यावरच्या गाडीनं बोलावलं होतं आणि उजाडायच्या आत परत स्टेशनवर सोडलं होतं. तेव्हाही तू 'बरं' म्हणाली होतीस. या वेळी दिवसाच्या गाडीनं ये. मी फलाटावर उभा असेन, तुझी बॅग मी घेईन, आणि आपण दोघं बाजारातून चालत घरी जाऊ.

तुझाच,
बाबा